चावी दिली, अनामत अडकली

सप्रेम नमस्कार ताई,
आम्ही पाथर्डी फाट्याजवळ टू बीएचकेमध्ये तीन वर्षं भाड्याने राहिलो. यांची नोकरी फिरतीची असल्यामुळे करार माझ्या नावावर होता. पहिल्या अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवला. पुढे मालक फोनवर म्हणाले, 'राहा हो, घरचेच आहात, फक्त भाडं पाचशेनं वाढवा.' नवा करार झालाच नाही. डिपॉझिट ₹५०,०००, बँकेतून दिलेलं. एप्रिलमध्ये महिन्याची नोटीस देऊन मे अखेरीस घर सोडलं. मालक ठाण्याला असतात. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही चाव्या शेजारच्या काकूंकडे दिल्या. आता त्यांनी व्हॉट्सअॅपवर हिशेब पाठवला आहे : रंगकाम २२,०००, गिझर ६,५००, साफसफाई ४,०००, राहिलेलं लाइट बिल १,३४०, किचन ट्रॉली १,८००. उरलेले १४,३६० 'नवीन भाडेकरू आला की देतो' म्हणतात. रंगाचं तर 'तेव्हाच बोललो होतो, रंग तुमच्याकडे' असं सांगतात. असं काही बोलणं झालं नव्हतं. ट्रॉलीचं चॅनल मात्र आमच्या मुलाकडून तुटलं, हे खरं. पोलिसांत तक्रार द्यावी का? पैसे परत मिळतील का?
– एक वाचक, नाशिक

ताई, पैसे मिळायला हवेत, आणि तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. नाशिकच्या न्यायालयात भाड्याच्या घरांची प्रकरणं मी नेहमी बघते. सगळ्यात जास्त माणसं रंगाच्या पैशांवरून अडवली जातात. म्हणून आधी रंगाचंच बोलू.

घराला लावलेला रंग तीन वर्षांत फिका पडतो. पंख्याखालच्या छतावर धुळीचं वर्तुळ उमटतं, गॅसच्या ओट्यामागची भिंत पिवळट होते, सोफ्याची पाठ टेकते तिथे पट्टा दिसतो. ही वापरातली झीज. त्या वापराचंच तुम्ही दर महिन्याला भाडं दिलंत. भाडेकरूने घर परत करताना ते घेतलं तशा स्थितीत द्यावं, पण रास्त वापराने झालेली झीज सोडून, हे तत्त्व मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये लिहिलेलं आहे. ते कलम भाडेपट्ट्याचं आहे आणि तुमचा व्यवहार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा, पण झीज आणि नुकसान यांतला फरक दोन्हीकडे तोच. नाशिकचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या भिंतीला ओल येऊन पोपडे निघाले असतील, तर तो बाहेरच्या प्लास्टरचा दोष. त्याचा भाडेकरूशी काहीही संबंध नाही. भिंतीवर मुलांनी स्केचपेनने चित्रं काढली, टीव्हीसाठी भोकं पाडून ती तशीच ठेवली, मालकाला न विचारता एका खोलीला गडद रंग दिला, तर ते नुकसान, आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. तेही त्या भिंतीपुरते. टू बीएचकेचं अख्खं रंगकाम पुढच्या भाडेकरूसाठी करायचं आणि बिल मागच्याच्या नावावर फाडायचं, हे मला साफ अमान्य आहे.

करारात 'घर सोडताना रंगाचा खर्च भाडेकरूने द्यायचा' असं लिहिलेलं असलं, तर गोष्ट वेगळी. म्हणून तुमचा तो पहिला नोंदणीकृत करार काढून रंग, दुरुस्ती आणि अनामत परतावा ही तीन कलमं नीट वाचा. तिथे रंगाचा उल्लेख नसेल, तर 'तेव्हा बोललो होतो' याला फारसं वजन नाही, आणि याचं कारण मालकांनी स्वतःच निर्माण करून ठेवलं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं, की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. करार न नोंदवणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही त्याच कलमात आहे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. तुमची शेवटची दोन वर्षं करार नव्हता. रंगाची अट त्या काळात तोंडी ठरली असं मालक म्हणत असतील, तर ते त्यांनी सिद्ध करायचं.

गिझरचं मालकांनी नुसतं 'खराब' म्हटलं आहे. तो किती वर्षं जुना होता? बोअरचं पाणी येणाऱ्या इमारतींत क्षार साठून एलिमेंट जळतं. तुम्ही कितीही जपून वापरा, ते जळणारच. मालकाच्या जुन्या वस्तूचं आयुष्य संपलं म्हणून नव्या वस्तूची पूर्ण किंमत भाडेकरूकडून घेता येत नाही. गिझर आदळून फुटला असता, तरीही त्याच्या वयाप्रमाणे किंमत कमी धरावी लागली असती. साफसफाईचे चार हजार तर पावतीशिवाय बोलायचेच नाहीत. घर झाडून-पुसून दिलंत ना? सामान हलवल्यावर काढलेला रिकाम्या घराचा व्हिडिओ असेल, तर तो जपून ठेवा.

आता तुमच्या बाजूचं. लाइट बिल तुमचं. ट्रॉली तुम्ही मान्य केलीतच, आणि ते बरोबर केलंत. टीव्ही युनिटची वगैरे भोकं असतील, तर ती बुजवून तेवढ्यावर रंगाचा हात मारायला हजार-बाराशे धरा. म्हणजे १,३४० अधिक १,८०० अधिक १,२००, एकूण ४,३४०. उरतात ₹४५,६६०. मागणी एवढ्याचीच करा. आपल्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य केलं की पुढच्या प्रत्येक टप्प्यावर, अगदी न्यायाधीशांसमोरसुद्धा, तुमचं बाकीचं म्हणणं विश्वासाने ऐकलं जातं.

पोलिसांचं म्हणाल तर, अनामत न देणं हा मुळात दिवाणी वाद आहे. चौकीत साहेब समजावून सांगतील, कधी मालकाला फोनही लावतील, पण त्यावर गुन्हा दाखल होईल ही आशा धरू नका. फसवणुकीचा गुन्हा व्हायला पहिल्या दिवसापासून फसवण्याचा हेतू दिसावा लागतो. दुसऱ्याचंच घर आपलं म्हणून दाखवून कोणी डिपॉझिट घेऊन पळाला, तर तिथे पोलिसांतच जायचं. तुमच्या मालकांनी तीन वर्षं घर दिलं. हा हिशेबाचा वाद आहे.

मग करायचं काय? फोनवर वाद घालणं आजपासून बंद. एक पत्र लिहा, त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि मूळ पत्र करारातल्या ठाण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोचपावती मागून, रवाना करा. पत्ता हाताशी नसेल तर नोंदणीकृत कराराच्या इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या सारांश उताऱ्यावर, मिळेल. पत्रात रागाचा एक शब्दही नको. साधारण असं लिहा :

*'आपल्या मालकीच्या सदनिकेसाठी अनामत म्हणून मी आपणास ₹५०,००० बँकेद्वारे दिले होते. दि. ३१ मे रोजी घर रिकामे करून आपल्या सूचनेनुसार दोन्ही चाव्या शेजाऱ्यांकडे दिल्या. वीजबिल ₹१,३४०, ट्रॉली दुरुस्ती ₹१,८०० व भिंतीवरील छिद्रे बुजवण्यासाठी ₹१,२००, अशी ₹४,३४० ची वजावट मला मान्य आहे. उर्वरित ₹४५,६६० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. रंगकाम, गिझर व साफसफाईची वजावट मला मान्य नाही. ती योग्य असल्याचे आपले म्हणणे असल्यास पावत्या व फोटो पाठवावेत. मुदतीत रक्कम न मिळाल्यास या पत्राच्या तारखेपासून व्याजाची मागणी केली जाईल.'*

शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. करारात व्याजाची अट नसली, तरी 'मी व्याज मागणार आहे' अशी लेखी सूचना दिली की तेव्हापासूनचं व्याज न्यायालय व्याज कायदा, १९७८ खाली देऊ शकतं. 'नवीन भाडेकरू आला की देतो' याला कुठलाही आधार नाही, करारात तसं लिहिलेलं नसेल तर. तुमचे पन्नास हजार त्यांच्याकडे ठेव म्हणून होते. नवा भाडेकरू ते फेडणार, अशी काही व्यवस्था ठरली नव्हती.

मध्येच त्यांनी १४,३६० टाकले, तर घ्या. पण त्याच दिवशी मेसेज करा : 'रक्कम मिळाली, ही अंशतः आहे, उरलेली बाकी.' 'हिशेब पूर्ण मिटला' अशा मजकुरावर सही करू नका, नुसतं 'ओके'सुद्धा टाकू नका. आणि तुमचा तो जुना फोन विकू नका. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं न्यायालयात पुरावा म्हणून देता येतं, पण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन जवळ असला की ते सगळं सोपं जातं.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जा. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दावा दाखल करण्याआधीच तुमचं प्रकरण लोकअदालतीसमोर ठेवण्याचा अर्ज तिथे देता येतो, त्याला कोर्ट फी लागत नाही. प्राधिकरण मालकांना नोटीस पाठवतं. ते आले आणि तडजोड झाली, तर त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद असते, त्यावर अपीलही नाही. ते आलेच नाहीत तर लोकअदालत सक्ती करू शकत नाही, हेही सांगून ठेवते. पण सरकारी शिक्क्याची नोटीस घरी आली की हिशेब बदलतात, हे मी अनेकदा बघितलं आहे. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची कुठलीही अट न घालता मोफत वकील मिळतो. करार तुमच्या नावावर आहे, तेव्हा हा हक्क तुमचा आहे. चौकशीसाठी १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

शेवटचा रस्ता दाव्याचा. घर नाशिकचं, व्यवहार नाशिकचा, म्हणून दावा इथेच होईल, ठाण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. मुदत साधारण तीन वर्षांची असते, पण म्हणून थांबू नका. शेजारच्या काकूंना चाव्यांची तारीख आज आठवते आहे. दोन वर्षांनी आठवेलच असं नाही.

आता इतर वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

गोविंदनगरमध्ये ₹१८,००० भाड्याने राहत होतो, डिपॉझिट ₹५४,०००. करारात अकरा महिन्यांचा लॉक-इन होता आणि 'मुदतीआधी सोडल्यास पूर्ण अनामत जप्त' असं लिहिलं होतं. सातव्या महिन्यात माझी बदली छत्रपती संभाजीनगरला झाली. एक महिन्याची नोटीस देऊन निघालो. तीन आठवड्यांत त्या घरात नवीन कुटुंब राहायला आलं. मालक म्हणतात, करारावर सही तुमचीच आहे. खरं आहे, सही माझीच आहे. मग सगळं सोडून द्यायचं का?

नाही. सही केलीत म्हणजे लॉक-इन मोडल्याची भरपाई तुम्ही द्यायला हवी, हे मान्य. पण भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ असं सांगतं, की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. आणि नुकसान सोसणाऱ्यानेही ते कमी राहील असे प्रयत्न करायचे असतात. तुमच्या मालकांचं घर तीन आठवडे रिकामं राहिलं. महिन्याला अठरा हजार, म्हणजे एकवीस दिवसांचे बारा हजार सहाशे. नवा भाडेकरू शोधायला त्यांनी एजंटला कमिशन दिलं असेल, तर त्याची पावती मागा आणि तेही सोसायची तयारी ठेवा. त्याच्या वरचं जे उरतं ते तुमचं. नवं कुटुंब कधी राहायला आलं याचा पुरावा मिळवा : सोसायटीच्या वॉचमनचं रजिस्टर, शेजाऱ्यांचा मेसेज, नाहीतर त्यांच्या नोंदणीकृत कराराची तारीख. सगळा वाद त्या तारखेवर ठरणार आहे.

तुम्ही बदलीचा लेखी हुकूम मालकांना पाठवला होता का, ते पत्रात लिहिलेलं नाही. पाठवला नसेल तर आता पाठवा. बदलीमुळे अट रद्द होत नाही, पण तुम्ही मौजेखातर निघाला नाहीत एवढं कागदावर येईल. पुढच्या घरी करार करताना 'नोकरीतल्या बदलीला लॉक-इन लागू नाही' ही एक ओळ आधी घालून घ्या.

आम्ही तिघं मित्र अंबडच्या कंपन्यांमध्ये कामाला आहोत. सिडकोत वन बीएचके घेतला. डिपॉझिट प्रत्येकी १५,०००, एकूण ४५,००० रोख दिले. करारात मात्र मालकांनी १०,००० लिहिले, 'कमी दाखवलं की खर्च कमी येतो' म्हणाले. आता एक जण पुण्याला चालला आहे, त्याला त्याचे १५,००० हवेत. मालक म्हणतात, सगळे निघाल तेव्हा बघू.

जाणाऱ्या मित्राच्या बाबतीत मालकांचं म्हणणं चूक नाही. तिघांनी मिळून एक घर घेतलं, अनामत घरापोटी आहे, आणि घर अजून तुमच्याकडे आहे. त्याचे पंधरा हजार त्याच्या जागी येणाऱ्या मुलाने त्याला द्यायचे, नाहीतर तुम्ही दोघांनी वाटून द्यायचे, आणि मालकाला लेखी कळवायचं, की अमुक गेला, तमुक आला, ४५,००० आता या तिघांचे. नवा मुलगा आला की करारही नव्याने नोंदवायला हवा.

मला जास्त काळजी त्या दहा हजारांच्या आकड्याची वाटते. कागदावर दहा आणि हातात पंचेचाळीस, म्हणजे उरलेल्या पस्तीस हजारांना आज आधार फक्त मालकांच्या शब्दाचा. आणि त्यासाठी वाचलं काय? महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. म्हणजे पस्तीस हजार जास्त दाखवले असते, तर अकरा महिन्यांचं व्याज तीन हजार दोनशेच्या आसपास, आणि त्याचा पाव टक्का आठ रुपये. आठ रुपयांसाठी पस्तीस हजार उघड्यावर ठेवले आहेत, मुलांनो.

संबंध अजून चांगले आहेत तोवर हे दुरुस्त करा. मित्र निघतो आहे या निमित्तानेच मालकांना मेसेज करा : 'काका, आमचे तिघांचे मिळून ४५,००० डिपॉझिट तुमच्याकडे आहेत. आता त्याच्या जागी दुसरा येतोय, तर रक्कम तीच राहील ना?' त्यांचं 'हो' आलं की निदान एक पुरावा तयार झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २६ प्रमाणे घरमालकाने घेतलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती द्यायची असते. तीही मागा. आणि नव्या करारात खरा आकडा लिहून घ्या.

जेलरोडला माझा वन बीएचके आहे, त्याच्या भाड्यावर माझं औषधपाणी चालतं. मागचे भाडेकरू दोन महिन्यांचं लाइट बिल थकवून गेले, हॉलमधला पंखा काढून नेला, ओट्याचा कडप्पा फोडला, बाथरूमचं दार खालून कुजलं आहे. डिपॉझिट ₹३०,००० आहे. तो मुलगा रोज फोन करून पूर्ण पैसे मागतो, वरच्या आवाजात बोलतो. मी किती कापू शकते?

काकू, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. भाडेकरूंच्या बाजूने एवढं लिहिते म्हणून मालकांचं नुकसान दिसत नाही असं नाही. अशा वेळेसाठीच अनामत असते.

थकलेलं लाइट बिल पूर्ण कापा, महावितरणच्या बिलाची प्रत जोडून. पंखा तुमचा होता, तर पंख्याची किंमत कापा. जुना असेल तर नव्याची पूर्ण नको, थोडी कमी. करारासोबत सामानाची यादी असेल आणि त्यात पंखा असेल तर प्रश्नच मिटला. कडप्पा आपोआप फुटत नाही, त्यावर काहीतरी जड आपटलं असणार. तो बदलायची मजुरी आणि दगड, दोन्ही. बाथरूमच्या दाराचे पैसे मात्र धरू नका. पाण्याने दार खालून कुजणं हे वापरातलंच आहे, तिथे फायबरचं दार बसवून टाका.

मिस्त्रीकडून कच्चं का होईना, पण सहीचं बिल घ्या. तुटलेल्या कडप्प्याचा फोटो काम सुरू करण्याआधी काढा. मग एका कागदावर सगळी बेरीज-वजाबाकी मांडून, बिलांचे फोटो जोडून त्या मुलाला पाठवा, आणि उरलेली रक्कम त्याच दिवशी त्याच्या खात्यावर टाका. तो कितीही भांडत असला तरी उरलेले अडवून धरू नका. दहा-बारा हजारांच्या वादासाठी तीसच्या तीस हजार ठेवलेत, की चांगली बाजू तुमची असूनही वाईट तुम्ही ठरता. फोन उचलायचं बंद करा, 'जे असेल ते लिहून पाठव' एवढंच उत्तर द्या. धमकी दिली तर जवळच्या पोलीस ठाण्यात सांगायला संकोच करू नका, तो विषय अनामतीपेक्षा वेगळा आहे.

पुढचा भाडेकरू ठेवताना नोंदणीकृत करार करा. तुमच्यासारख्या घराला मुद्रांक शुल्क काही शेकड्यांत आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. सोबत पंखे, ट्यूब, गिझर, नळ यांची यादी जोडा आणि दोघांच्या सह्या घ्या.

'दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेणं आता बेकायदा' असा मेसेज फिरतो आहे. खरं का?

तो नियम केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. घरासाठी दोन महिने, दुकान-गाळ्यासाठी सहा महिने. पण तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. आपल्याकडे अजून १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात अशी कमाल मर्यादा नाही. तो मेसेज मालकाला दाखवून भांडू नका. घर घेतानाच घासाघीस करा.

म्हसरूळचं घर या महिनाअखेर सोडतो आहोत. मालक म्हणतात, चावी वॉचमनकडे ठेवा, डिपॉझिट महिन्याभरात टाकतो. आत्तापर्यंत कधी कुरबुर नाही. तरी काही लिहून घ्यायला हवं का?

हवं. कुरबुर नाही म्हणूनच आत्ता ते सहज मिळेल. सामान हलवायच्या दिवशी खाली टेम्पो उभा असतो, मुलं भुकेली असतात, हमाल घाई करत असतात, आणि 'चावी ठेवून जा' हे ऐकून कोणीही तसंच करतं. पुढे अडकलेली निम्मी प्रकरणं त्या तासाभरातली असतात, असं माझं मत झालं आहे. तेव्हा टेम्पोच्या आदल्या दिवशी मालकांना नाहीतर त्यांच्या माणसाला बोलवा. दोघं मिळून घर फिरा. नळ सोडून बघा, गिझर लावून बघा, ट्रॉल्या ओढून बघा. जे मोडलं असेल ते तिथेच ठरवा, आकड्यासकट. मग साध्या कागदावर लिहा : आज अमुक तारखेला घराचा ताबा आणि इतक्या चाव्या दिल्या. अनामत इतकी. वजावट इतकी, अमुक कारणासाठी. उरलेली रक्कम अमुक तारखेपर्यंत अमुक खात्यात. खाली दोघांच्या सह्या.

ते येऊच शकत नसतील, तर व्हिडिओ कॉल लावून घर दाखवा, आणि हाच मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवून त्यांचं 'मान्य' घ्या. त्यानंतरच चावी वॉचमनच्या हातात द्या, आणि ती देतानाचा फोटो काढा. लाइट बिल महिना संपल्यावर येतं, म्हणून निघताना मीटरवरच्या आकड्याचा फोटो घ्या आणि त्याच मेसेजखाली टाका. पाइपचा गॅस असेल तर त्याच्या मीटरचाही. सोसायटीचा मेंटेनन्स तुमच्याकडे असेल, तर सेक्रेटरीकडून बाकी नसल्याची चिठ्ठी घ्या.

शेवटच्या महिन्याचं भाडं 'डिपॉझिटमधून कापून घ्या' असं परस्पर ठरवू नका. मालकांनी लेखी हो म्हटलं तर खुशाल करा. आणि पैसे आले नाहीत म्हणून मुदत संपल्यावर घरात थांबून राहण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. करार संपल्यावर राहिलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. अनामत मिळेपर्यंत राहण्याची मुभा काही करारांत लिहिलेली असते. तुमच्या करारात ती आहे का, ते आज रात्रीच बघून घ्या.